होडी परत वळवता यायला हवी

नमस्कार,

मी ५७ वर्षांची आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. हे ६१ चे, तेही आता निवृत्त आहेत. आम्ही पार्ल्याला राहतो. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये असताना ह्यांनी शिडाची होडी चालवली होती, आणि पुन्हा एकदा चालवायची हे तेव्हापासून डोक्यात होतं. गेल्या नोव्हेंबरात गेटवेजवळच्या एका सेलिंग स्कूलमध्ये आम्ही दोघांनी नाव घातलं. मी खरं तर ह्यांना सोबत म्हणून गेले. पण पहिल्या दिवशी इंजिन बंद केलं, शीड वर गेलं आणि होडी नुसत्या वाऱ्यावर चालायला लागली, तेव्हा मला जे वाटलं ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

कोर्स संपल्यावर आम्ही तासावर होडी घेऊन जायला लागलो. सोबत त्यांचा एक खलाशी असायचा. सुकाणू कायम ह्यांच्याकडे, दोऱ्या माझ्याकडे. "ओढ", "सोड", "अगं, आत्ता नको!" घरात कधी आवाज न चढवणारा माणूस तिथे परक्या मुलासमोर माझ्यावर ओरडतो. फेब्रुवारीत ह्यांनी न सांगता होडी वळवली आणि शिडाखालची आडवी काठी माझ्या खांद्यावर आदळली. कितीतरी दिवस हात वर होत नव्हता. त्यानंतर मी गेलेच नाही. हे जातात, आल्यावर उत्साहाने सांगतात, मी ऐकून घेते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते.

आता हे ग्रॅच्युइटीच्या पैशातून जुनी होडी विकत घ्यायची म्हणतात. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, या वयात हे काय काढलंत. मला पोहता येतं, पण जेमतेम. एक गुडघा कुरकुरतो. ह्यांना बीपीची गोळी आहे. हा त्यांचा छंद समजून मी बाजूला व्हावं का? की या वयात मलाही जमेल?

— एक वाचक, विलेपार्ले

ताई,

बाजूला होऊ नका. पण यजमानांच्या हाताखाली दोऱ्या ओढायलाही परत जाऊ नका. येत्या हंगामात तुम्ही स्वतः सुकाणू धरायला शिका, तेही प्रशिक्षकाकडून आणि यजमान होडीवर नसताना. होडी एकटीने वळवून धक्क्याला परत आणता येईपर्यंत दोघांनी मिळून जाणं थांबवा. तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं त्याची कारणं आणि त्याची तयारी.

आधी खांद्याचं बोलू. वारा पाठीमागून येत असताना होडी वळली की ती आडवी काठी, म्हणजे बूम, एका बाजूची दुसऱ्या बाजूला क्षणात फेकली जाते. याला जाइब म्हणतात. वाऱ्याकडे तोंड करून वळताना, म्हणजे टॅक घेताना, तीच काठी सावकाश सरकते, कारण तेव्हा शीड फडफडत असतं आणि त्यात जोर नसतो. मागच्या वाऱ्यात शीड पूर्ण भरलेलं असतं आणि तो सगळा जोर काठीत उतरतो. तोच फटका तुमच्या डोक्याला बसला असता तर काय झालं असतं, याचा विचार तुम्ही दोघांनी एकदा शांतपणे करायला हवा. "झालं ते झालं" म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. सुकाणूवरच्या माणसाने वळण्याआधी मोठ्याने "वळतोय, तयार?" असं विचारायचं आणि समोरून "तयार" असं ऐकू आल्याशिवाय टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हलवायचा नाही, हे नवशिक्याला अगदी सुरुवातीला शिकवतात. उत्तर आलं नाही तर वळायचं नाही. पुढे लाँच आली असेल तर शीड ढिलं सोडून वेग कमी करायचा, पण न सांगता वळायचं नाही. यजमानांना हे ठाऊक असणारच. तुमच्याबरोबर असताना ते त्यांनी पाळलं नाही.

आणि खांदा अजून दुखत असेल, हात मागे नेऊन ब्लाउजचे हूक लावता येत नसतील, तर या आठवड्यातच ऑर्थोपेडिकला दाखवा. तुमच्या वयाच्या बायकांचा खांदा मार लागल्यानंतर आणि हालचाल कमी झाल्यावर आखडतो, आणि मग मोकळा व्हायला महिनेच्या महिने लागतात. फिजिओथेरपी वेळेत सुरू झाली तर ऑक्टोबरपर्यंत तुम्ही तयार असाल.

आता मुख्य मुद्दा. समजा, होडीवर तुम्ही दोघंच आहात. आज खलाशी असतो, पण स्वतःची होडी आली की दोघंच जाणार, नाहीतर घ्यायची कशाला? आणि समजा, यजमान पाण्यात पडले. पाय घसरला, लाटेने होडी कलली, उन्हात गरगरलं, कारण काहीही असो. होडी चार नॉटने चालली असेल तर एका मिनिटात ती त्यांच्यापासून सव्वाशे मीटर लांब गेलेली असते. तेवढ्या अंतरावर लाटांमध्ये माणसाचं डोकं सापडणं फार कठीण. अशा वेळी होडीवर तुम्ही एकट्या, आणि तुम्हाला येतं काय, तर सांगितल्यावर दोरी ओढणं. सांगणारा माणूस पाण्यात आहे.

अशा वेळी काय करायचं ते हातांना आधीच माहीत असावं लागतं. तरंगणारं जे हाताशी असेल ते लगेच त्यांच्या दिशेने फेकायचं. नजर त्यांच्यावरून काढायची नाही. होडी वळवायची, त्यांच्यापेक्षा वाऱ्याच्या खालच्या बाजूला न्यायची आणि तिथून वाऱ्याकडे वर चढत शेवटी शीड मोकळं सोडून त्यांच्याजवळ थांबवायची. होडीला ब्रेक नसतो, वाऱ्याकडे तोंड केलं की ती थांबते. कुठून वळलं म्हणजे नेमकी त्यांच्याशेजारी थांबेल, हा अंदाज फक्त सरावाने येतो. प्रशिक्षक पाण्यात फेंडर, म्हणजे धक्क्याचा मार बसू नये म्हणून होडीच्या कडेला लावतात तो फुगा, फेकतो आणि तुम्ही तो परत मिळवता, पुन्हा फेकतो, पुन्हा मिळवता. माझ्या मते सगळ्या कोर्समधला हा सर्वात मोलाचा धडा आहे आणि तो घाईघाईत एकदाच उरकला जातो. तुम्ही मागून घ्या, कंटाळा येईपर्यंत करा. जवळ पोचल्यावर ऐंशी किलोचा, भिजलेला माणूस वर ओढून घ्यायला जाऊ नका, तुमच्याने होणार नाही आणि तुम्हीही पाण्यात जाल. त्यांना दोरीने होडीशी बांधून घ्यायचं, शिडी सोडायची, शिडी नसेल तर पाय ठेवायला दोरीचा फास सोडायचा, आणि मदत मागायची.

एवढा मजकूर यजमानांना वाचून दाखवा. तुम्हाला सुकाणू येणं हे तुमच्या हौसेपेक्षाही त्यांच्या जिवासाठी गरजेचं आहे, हे त्यांनी समजून घेतलं पाहिजे.

भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि मे २०२५ मध्ये त्या गोव्याला परतल्या. नौकेवर दोघीच. म्हणजे एक झोपली की संपूर्ण नौका दुसरीच्या हातात. शीड, सुकाणू, हवामान, दुरुस्ती, सगळं दोघींनाही यायलाच हवं होतं, "हे तुझं, ते माझं" अशी वाटणी तिथे चालणार नव्हती. तुम्हाला मांडव्यापर्यंतच जायचं आहे, पण दोघांच्या होडीचा हिशेब तिथेही हाच.

दोऱ्यांचं काम हलकं आहे असं मात्र मला मुळीच म्हणायचं नाही. शीड किती ताणायचं, किती सोडायचं यावरच होडीचा वेग आणि तिचं कलणं ठरतं. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती आपल्या मुंबईच्याच समुद्रात झाल्या होत्या. तिथे एंटरप्राइझ नावाच्या दोघांच्या होडीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. सुकाणूवर एक, पुढच्या शिडावर एक, आणि पदक दोघांचं. तुमच्या बाबतीत वाईट आहे ते काम नव्हे, तर त्या कामात तुम्हाला विचार करायला जागाच न देणं. "ओढ" आणि "सोड" ऐकून हात हलवणाऱ्या माणसाला वारा कुठून येतोय हे कधीच कळत नाही. तुम्ही इतके महिने जाऊनही आपल्याला काही येत नाही असं तुम्हाला वाटतंय, त्याचं कारण वय नाही.

ओरडण्याबद्दल. वाऱ्यात आवाज वाहून जातो, पुढे बसलेल्या माणसाची पाठ असते, शीड फडफडत असतं, त्यामुळे साधं बोलणंही मोठ्याने करावं लागतं, इतकं मान्य. पण तुम्ही ज्याविषयी लिहिलंय ते मोठ्याने बोलणं नाही. ते घाबरलेल्या माणसाचं ओरडणं आहे. चाळीस वर्षांपूर्वी येत असलेली गोष्ट आज हाताला तशी येत नाही, होडी मोठी आहे, बाजूने लाँचा जाताहेत, आणि बायकोसमोर "मला नीट जमत नाहीये" हे म्हणवत नाही. माणूस अशा वेळी सूचना उशिरा देतो, आणि उशीर झाला की आवाज वाढतो. कारण समजलं म्हणून ते सहन करायचं असं नाही. ते थांबवायचा रस्ता एकच, त्यांनाही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुन्हा पायापासून शिकू द्या, तुमच्या नजरेआड. ज्या घरांत नवऱ्याने बायकोला गाडी शिकवली त्या घरांत काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलेल्या बायका गाडी चालवतात, नवऱ्याकडून शिकलेल्या बहुतेक जणी आजही शेजारच्या सीटवर बसतात.

तुमच्या शरीराविषयी. पन्नाशी उलटल्यावर शिडाची होडी शिकणाऱ्या बायका मी याच बंदरात पाहिल्या आहेत, मीही त्यांच्यातलीच. ताकद लागते ती वाटते त्यापेक्षा कमी. मुख्य शिडाची दोरी कप्प्यांमधून फिरवलेली असते, त्यामुळे वजन वाटलं जातं, आणि मोठ्या होडीवर विंच, म्हणजे दोरी गुंडाळून ओढायची फिरकी, असतो. ज्याची भीती सगळ्यांना वाटते ते होडीचं कलणं. त्यावरचा उपाय तुमच्याच हातात असतो, आणि तुम्हाला कुणी तो नीट सांगितलेला दिसत नाही. मुख्य शिडाची दोरी सोडा, होडी सरळ होते. घाबरलात तर दोरी सोडा, काय करावं सुचेना तर दोरी सोडा. शीड फडफडेल, आवाज मोठा होईल, पण होडी शांत होईल. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला सांगून हे मुद्दाम आठ-दहा वेळा करून पाहा. मग कलणाऱ्या होडीत बसायची भीती बरीच उतरेल.

गुडघ्यासाठी डिंगीपेक्षा, म्हणजे छोट्या हलक्या होडीपेक्षा, खाली वजनदार किल, म्हणजे तळाचं जड पातं, असलेली होडी निवडा. डिंगी सहज उलटते आणि तिच्यात सतत वाकून इकडून तिकडे सरकावं लागतं. किलबोट कलते, पण खालचं वजन तिला परत सरळ करतं. चढता-उतरताना मात्र जपा. दुखापती वाऱ्यातच होतात असं नाही, धक्क्यावरही होतात. ओहोटीला गेटवेच्या पायऱ्यांचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं. चप्पल नको, पकड असलेले जुने बूट घाला. दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी आधी दुसऱ्याकडे द्या. अंगठ्या घरी काढून ठेवा, धावत्या दोरीत अंगठी अडकली तर बोट जातं. लांब मंगळसूत्र आणि ओढणीही नको. चष्म्याला मागून दोरी बांधा. लाइफ जॅकेट कमरेला घट्ट बसलं पाहिजे. खांद्याला धरून वर ओढलं आणि कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही, दुसरं मागा. संकोच करू नका. उघड्या होडीत बाथरूम नसतं म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग उन्हात त्यांनाच चक्कर येते. त्यापेक्षा आधी विचारून घ्या आणि दोन तासांचीच फेरी ठरवा. यजमानांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर त्यांच्या अंगातलं पाणी उन्हात लवकर कमी होतं. डॉक्टरांना सांगून, समुद्रावर जायच्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, आपल्या मनाने बदल नको.

हे उत्तर तुमच्या हाती येईल तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असेल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे शिडाच्या होड्या बंदच असतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात आणि मासेमारी सुरू होते, पण शिकणाऱ्यांसाठी पाणी साधारण ऑक्टोबरपासून योग्य होतं. हे चार महिने वाया घालवू नका. पार्ल्याच्या प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलाचा तलाव तुमच्या घराजवळच आहे. वेगाने पोहणं शिकायची गरज नाही. पाठीवर शांतपणे दहा मिनिटं तरंगता यायला हवं, आणि नाकातोंडात पाणी गेलं तरी श्वास सावरता यायला हवा. तिथल्या प्रशिक्षकाला सांगितलंत तर ते तसं शिकवतील. एवढं जमलं की अंगातली निम्मी भीती त्या तलावातच राहील.

दोन मीटर दोरी आणा आणि बोलाइनची गाठ शिका, म्हणजे कितीही ताण आला तरी न सरकणारा आणि ताण गेला की सहज सुटणारा फास. खिडकीच्या गजाला बांधून, डोळे मिटून, एका हाताने. शिवाय दोरीच्या टोकाला मारायची आठाच्या आकड्यासारखी गाठ, जिच्यामुळे दोरी कप्पीतून निसटत नाही. या दोन गाठी पक्क्या झाल्या की पुष्कळ झालं.

आणि पाणी वाचायला शिका. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा भाग मला स्वतःला फार प्रिय आहे आणि इथे तुम्ही यजमानांच्या सहज पुढे जाऊ शकता. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. हे ढोबळ आहे, नेमकी वेळ आणि उंची मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहायची, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकून दिवसाचा अंदाज येतो. आता यातून पुढचं निघतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईत भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि तिथून संध्याकाळपर्यंत ओहोटी लागते, तीही जोराची, कारण उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. आणि दुपारनंतर वारा कुठून असतो? समुद्राकडून जमिनीकडे, शाळेत शिकलो ते खारे वारे. म्हणजे पाणी बंदरातून बाहेर निघालंय आणि वारा बाहेरून आत येतोय. दोघे समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडी आपटत चालते, नवख्याची घाबरगुंडी उडते. तोच वारा, तेवढाच जोर, पण अष्टमी-नवमीच्या भांगाच्या दिवशी पाण्याला ओढ कमी असते आणि समुद्र कितीतरी सौम्य वाटतो. फेब्रुवारीतल्या त्या दिवसाची तारीख आठवत असेल तर तिथी काढून पाहा. पहिले धडे भांगाच्या दिवशी ठेवा असं स्कूलला सांगा. नुसतं हे विचारलंत तरी तुमच्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलेल.

सकाळच्या वाऱ्याचंही तसंच. थंडीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, हलका. उन्ह चढलं की तो पडतो, मध्ये तासभर पाणी अगदी निपचित होतं, आणि मग समुद्रावरचा वारा उठतो. शिकायला सकाळ बरी, कारण वारा कमी होत जातो, वाढत नाही. मार्चनंतरच्या दुपारी चांगलं शिकलेल्यांसाठी असतात, आणि त्या वर्षभर थांबतील.

बंदरात मोठी जहाजं ठरलेल्या खोल मार्गानेच जातात, त्यांना तुमच्यासाठी वळता येत नाही. इंजिनच्या होडीने शिडाच्या होडीला वाट द्यायची हा नियम तिथे चालत नाही, तिथे आपणच लांब राहायचं. घारापुरी आणि मांडव्याच्या लाँचांच्या बाबतीतही नियमावर भिस्त ठेवू नका, लवकर आणि स्पष्ट दिसेल असं वळा.

ऑक्टोबरात नाव घालताना स्कूलला विचारा की एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, सोबत इंजिनची बचाव होडी असते का, आणि प्रत्येकाला सुकाणू किती वेळ मिळतो. दोघांना वेगवेगळ्या दिवशी, निदान वेगवेगळ्या होडीवर ठेवा असं स्पष्ट सांगा. "जोडप्याला एकत्रच घेतो" असं म्हणाले तर दुसरी जागा शोधा. पार्ल्याहून चर्चगेट, तिथून गेटवे. हा प्रवास तुम्ही एकट्याने करा. टिलर पहिल्यांदा हातात येईल तेव्हा तो उलटा चालतो असं वाटेल, डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. दोनेक फेऱ्यांत हाताला ते कळतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुणी न सांगता तुम्ही शीड सोडाल किंवा ओढाल, आणि नंतर लक्षात येईल की गालाला वारा बदललेला जाणवला म्हणून तुम्ही ते केलंत.

दोघांनाही फेंडर परत मिळवता आला, धक्क्याजवळ होडी आणता आली, की मग एकत्र जा. पहिल्या काही वेळी प्रशिक्षक सोबत असू द्या, त्याने गप्प बसायचं. अर्ध्या-अर्ध्या तासाने जागा बदला, घड्याळ लावून. "आज तू बरी चालवतेयस, राहू दे" किंवा "वारा वाढलाय, दे माझ्याकडे" असं काही नाही, वेळ झाली की बदल. आणि एक नियम दोघांनी निघण्याआधीच मान्य करा: दोघांपैकी कुणीही "परत जाऊ" म्हटलं की वळायचं, कारण विचारायचं ते धक्क्यावर पोचल्यावर. शीड कमी करायचं का असा प्रश्न मनात आला तर त्याच क्षणी करायचं, दुसऱ्याची परवानगी न घेता.

होडी विकत घेणं या वर्षी नको, पुढच्या वर्षीही मी घाई करणार नाही. आपल्याकडे होडी बहुतेक वेळा पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या बोयाला बांधून ठेवावी लागते, तिच्यापर्यंत दुसऱ्या छोट्या होडीने जावं लागतं. कोमट पाण्यात तळाला शेवाळ आणि शिंपले भराभर चढतात, ते खरवडावे लागतात. पावसाळ्याआधी होडी बाहेर काढायची, चार महिने ठेवायला जागा, मग रंग, दोऱ्या, शीड. हा खर्च दरवर्षीचा आहे, आणि ग्रॅच्युइटी एकदाच मिळते. शिवाय होडीची निवड तिला चालवणाऱ्या दोघांनी मिळून करायची असते. तुमचा खांदा, तुमची उंची, तुमचा हात टिलरपर्यंत पोचतो का, हे सगळं त्यात येतं. तुम्हाला होडी येईपर्यंत तुमचं मत तुम्हालाच ठामपणे मांडता येणार नाही. म्हणून थांबा. भाड्याच्या होडीवर दोन हंगाम काढले की आपल्याला नेमकं काय हवंय ते दोघांनाही कळेल, कदाचित होडी घ्यायची गरजच नाही असंही कळेल.

हे सगळं यजमानांशी बोलायचं ते समुद्रावरून घरी परत येताना नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहानंतर बोला. त्या दिवशीचा खांदा, ओरडणं, हे सगळं सांगा, पण त्याआधी, तुम्ही कुणालाच न सांगितलेली ती पहिल्या दिवसाची गोष्ट त्यांना सांगा. तुम्ही फक्त त्यांच्यासाठी जात होतात आणि खांदा दुखला म्हणून थांबलात, असंच त्यांना वाटत असणार. तुम्हालाही हे हवंय, हे त्यांना बहुधा माहीतच नाही. माहीत झाल्यावरही ते "मग चल की माझ्याबरोबर, मी शिकवतो" म्हणाले, तर नाही म्हणा आणि आपलं नाव वेगळं घाला. त्यांची संमती मिळेपर्यंत थांबू नका.

मुलाचा राग काळजीचा आहे, आणि ती काळजी खोटी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसं गेली, ते त्याच्या डोळ्यासमोर असेल. "आम्ही लहान नाही" असं उत्तर देऊ नका. तो पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा त्याला धक्क्यावर घेऊन जा, प्रशिक्षकाला भेटवा, लाइफ जॅकेट दाखवा. जमलं तर तुम्ही सुकाणूवर असताना होडीत बसवा. आणि दर वेळी निघण्याआधी त्याला मेसेज करा: कुठल्या होडीने, कुणाबरोबर, किती वाजता निघतोय, किती वाजता धक्क्याला पोचणार. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर त्याने आधी स्कूलला फोन करायचा आणि तिथून उत्तर मिळालं नाही तर तटरक्षक दलाला, १५५४ वर. हा नंबर त्याच्या, तुमच्या आणि यजमानांच्या, तिन्ही फोनमध्ये आजच टाकून ठेवा. फोन जलरोधक पिशवीत, गळ्यात, जॅकेटच्या आत ठेवायचा.